अर्धा कशाचा? एका दृष्टिहीन विद्यार्थिनीच्या अपूर्णांक-शिक्षणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही विद्यार्थिनी अकरा वर्षांची, जन्मापासून पूर्णपणे दृष्टिहीन आणि डोळस मुलांबरोबर पाचवीच्या वर्गात शिकणारी. ब्रेल ती अस्खलित वाचत असे, ॲबॅकसवर तीन अंकी बेरीज-वजाबाकी वर्गातल्या बहुतेकांच्या आधी करून मोकळी होत असे, आणि पाढे तर तिचे तोंडपाठच होते. तरीही अपूर्णांकांचा धडा सुरू झाल्यापासून गणिताच्या तासाला ती गप्प बसू लागली. धडा संपत आला तेव्हा, तिला या घटकातून सूट द्यावी असे वर्गशिक्षकांनी सुचवले. त्यामागे दुष्टावा नव्हता, उलट तिची ओढाताण थांबावी हीच इच्छा होती. मी विशेष शिक्षिका म्हणून या प्रकरणात आले ती त्या टप्प्यावर. सूट देण्याला मी विरोध केला, कारण अपूर्णांक सुटला की त्याच्या पाठोपाठ दशांश, शतमान, गुणोत्तर आणि पुढे बीजगणितही सुटत जाते. एका धड्याची दिलेली सूट पुढे सगळ्या विषयाची सूट होते आणि तोपर्यंत कारण कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. पुढे सुमारे दहा आठवडे, आठवड्यातून चार तासिका, आम्ही दोघींनी एकत्र काम केले. त्यात काय जमले, काय चुकले आणि कशामुळे, ते येथे मांडले आहे.

“यात अर्धा नाही”

पहिल्या दिवशी मी तिला नुसते काम करू दिले आणि पाहत राहिले. शाळेत अपूर्णांकांचा नेहमीचा संच होता: प्लॅस्टिकच्या चकत्या, अर्धा लाल, तृतीयांश हिरवा, चतुर्थांश निळा. तिला रंगांचा उपयोग नव्हता हे उघडच आहे. त्याखेरीज ते गुळगुळीत तुकडे बाकावरून घसरत, एक चाचपडताना दुसरा सरके, आणि गोल पूर्ण झाला की नाही हे कळण्यापूर्वीच तो मोडे. एक छेद तीन मोठा की एक छेद चार, या प्रश्नाला तिने “एक छेद चार, कारण चार मोठे” असे उत्तर दिले. ही चूक डोळस मुलेही सर्रास करतात, त्यामुळे तिचे मला नवल वाटले नाही.

नवल वाटले ते पुढच्या प्रश्नाने. मी पुठ्ठ्याची एक लांब पट्टी तिच्या हाती दिली आणि तिचा अर्धा भाग दाखवायला सांगितले. तिने पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाचपली, उलटी केली, कडा बोटांनी तपासल्या आणि म्हणाली, “बाई, यात अर्धा नाही. अर्ध्याला एक बाजू सरळ असते आणि एक गोल.”

माझ्या दृष्टीने सगळे प्रकरण या एका वाक्यात आहे. तिने अर्धा शिकला होता, आणि चांगला शिकला होता. फक्त तिच्या लेखी अर्धा हे एका वस्तूचे नाव होते. डोळस मूल दिवसभरात अर्धे भरलेले भांडे, अर्धे उघडे दार, अर्धी पुसलेली पाटी नुसत्या नजरेने टिपत असते, आणि शाळेतली चकती हे त्याच्यासाठी शंभरातले एक उदाहरण असते. या मुलीला अर्धा भेटला तो केवळ त्या चकतीत. तिने त्या एकुलत्या एका उदाहरणाचीच व्याख्या केली, आणि हाताशी जे होते त्यावरून तिचा तर्क अगदी बरोबर होता.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. अपूर्णांक म्हणजे भागाचे पूर्णाशी असलेले नाते, आणि डोळ्याला भाग व पूर्ण एकाच वेळी दिसतात. गोलातून एक तुकडा काढला की उरलेली रिकामी जागाही दिसते आणि त्या रिकाम्या जागेमुळे पूर्ण गोल मनात टिकून राहतो. हाताचे तसे नाही. हात एका वेळी बोटांखाली मावेल तेवढेच जाणतो, पुढे सरकतो आणि मागचे स्मरणात ठेवत पूर्णाची जुळणी करतो. चकतीचा चतुर्थांश तुकडा बाजूला काढून हातात घेतला की पूर्ण गोल हाताच्या दृष्टीने उरतच नाही. उरतो तो दोन सरळ कडांचा आणि एका वाकलेल्या कडेचा एक स्वतंत्र तुकडा. म्हणून जे साधन डोळ्यांना नाते दाखवते, तेच हाताला सुटे आकार देते. नुसते हाताळता येते म्हणून साधन स्पर्शयोग्य ठरत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होते. पटले मात्र त्या दिवशी.

पोतांचा प्रयोग

एवढे कळूनही माझा पहिला उपाय चुकला. रंगाच्या जागी पोत द्यावा, असा सरळ विचार मी केला. अर्ध्यांना मखमल, तृतीयांशांना पॉलिशपेपर, चतुर्थांशांना खरखरीत जाळी चिकटवली आणि चकत्यांखाली न घसरणारी रबरी चटई घातली. पहिल्या आठवड्यात उत्तरे झपाट्याने सुधारली. तृतीयांश काढ म्हटले की क्षणात निघे. वर्गशिक्षकांना समाधान वाटले, आणि मलाही.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मी कोणताही पोत नसलेले, त्याच मापाचे तुकडे तिच्यापुढे ठेवले. तिला एकही ओळखता आला नाही. ती म्हणाली, “हे कशाचेच नाहीत.” मखमल म्हणजे अर्धा, पॉलिशपेपर म्हणजे तृतीयांश, अशी नवी यादी तिने पाठ केली होती. आकारांची तुलना करण्याची गरजच तिला पडली नव्हती, कारण ते काम मीच चिकटवून देऊन संपवले होते. मुलांना प्रतीके कशी उमगतात याचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांच्या कामातून असे दिसते की, एखादी वस्तू वस्तू म्हणून जितकी लक्ष वेधते, तितके तिला दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह म्हणून पाहणे मुलाला अवघड जाते. माझ्या मखमलीने नेमके तेच केले होते. ते दोन आठवडे या मुलीचे वाया गेले आणि त्याची जबाबदारी माझी आहे. साधन अधिक आकर्षक करण्याच्या नादात त्यातले गणितच झाकले जाऊ शकते, आणि विशेष शिक्षणात, जिथे हाताने साधने सजवण्याला आपण फार महत्त्व देतो, हा धोका मला मोठा वाटतो.

चौकट

नवे साधन ठरवताना मी एकच अट घातली: भाग हातात असताना पूर्णही हाताखालीच राहिला पाहिजे. ही कल्पना काही माझी नव्हे. मारिया माँटेसरी यांच्या अपूर्णांकांच्या धातूच्या चकत्या त्यांच्या मापाच्या चौकटीत बसतात आणि प्रत्येक भागाला उचलायला मूठ असते. भाग उचलला तरी त्याची जागा तिथेच राहते आणि बोटाला ती चाचपता येते. माँटेसरी यांचे सुरुवातीचे काम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबरच होते, हे येथे आठवावेसे वाटते. मात्र गोल आकाराने या मुलीच्या मनात आधीच ठाण मांडले असल्यामुळे मी गोल टाळला आणि लांबी निवडली. दोन लांबींची तुलना बोटाला सोपी जाते. टोक कुठे आले एवढेच पाहायचे असते.

चौकटीत एकाखाली एक अशा तीन खोबणी होत्या, प्रत्येक २४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर खोल. तळाशी पत्रा होता. पट्ट्या ८ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे खोबणीत बसल्यावर बोटाला लागतील इतक्या वर येणाऱ्या, आणि त्यांच्या खालच्या बाजूला चुंबकाची पट्टी चिकटवलेली. दृष्टिहीनांसाठीच्या क्रॅनमर ॲबॅकसमध्ये मण्यांच्या मागे जाडसर कापड असते ते मणी चाचपताना सरकू नयेत म्हणून. येथे चुंबकाने तेच काम केले. २४ हा आकडा मुद्दाम घेतला, कारण त्याचे २, ३, ४, ६, ८ आणि १२ असे समान भाग पूर्ण सेंटिमीटरात पडतात. सगळ्या पट्ट्या एकाच लाकडाच्या, एकाच पोताच्या होत्या, आणि त्यांच्यावर ब्रेलमध्ये काहीही लिहिलेले नव्हते. वरच्या खोबणीत २४ सेंटिमीटरची अख्खी पट्टी कायम बसवलेली असे. ती कधीही काढायची नाही, हा आमचा नियम.

वापरण्याची रीतही ठरवून घेतली. डावा तळवा चौकटीच्या डाव्या कडेला टेकलेला, तिथून सगळ्या पट्ट्या सुरू होतात; उजव्या हाताची तर्जनी टोकाच्या शोधात फिरती. काही दाखवायचे असेल तेव्हा मी तिचा हात धरून नेत नसे, तर माझा हात तिच्या हाताखाली ठेवत असे, म्हणजे हवे तेव्हा तिला स्वतःचा हात काढून घेता येई. हे बारीकसे वाटेल, पण दृष्टिहीन मुलाचा हात धरून वस्तूवर ठेवणे म्हणजे डोळस मुलाची मान धरून फळ्याकडे वळवण्यासारखे आहे. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला हे समजावण्यात मी जवळपास एक तासिका खर्च केली, आणि ती सत्कारणी लागली.

पहिले काम भाग ओळखण्याचे दिले नाही, खोबण भरण्याचे दिले. एका मापाच्या पट्ट्यांचा ढीग द्यायचा आणि मधली खोबण पूर्ण भरायला किती लागतात ते तिने मोजायचे. चार लागल्या तर त्यातली प्रत्येक चतुर्थांश. अशा रीतीने छेद हा आकडा तिला कोणी सांगितला नाही. तो तिने भरून मोजला. तिसऱ्या दिवशी मधल्या ओळीत तृतीयांश आणि खालच्या ओळीत चतुर्थांश भरून झाल्यावर तिची तर्जनी पहिल्या तृतीयांशाच्या टोकावरून खाली उतरली आणि चतुर्थांशाच्या टोकापर्यंत मागे आली, तसे तीन-चार वेळा झाले. मग ती सावकाश म्हणाली, “जास्त पट्ट्या लागल्या, म्हणजे पट्टी आखूड.” मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, “मग एक छेद चार लहान?”

सममूल्य अपूर्णांक तर या चौकटीत जवळजवळ आपोआप आले. मधल्या ओळीत दोन चतुर्थांश, खालच्या ओळीत चार अष्टमांश लावले की दोन्हींची टोके एका सरळ रेषेत येतात आणि बोट वरून खाली न अडखळता उतरते. जिथे पायरी लागते तिथे अपूर्णांक समान नाहीत. छापील पुस्तकात यासाठी चित्र असते. तिच्यासाठी ही बोटाखालची सलग कड होती.

मात्र अर्ध्याच्या जागी आता पट्टीचे खूळ बसू नये, याची काळजी घ्यावी लागली. म्हणून त्याच आठवड्यांत दोरी दुमडून अर्धी करणे, जाड कागदाचा चौरस एकदा सरळ आणि एकदा तिरका दुमडून दोन्ही अर्धे आकाराने वेगळे पण मापाने सारखे आहेत हे पडताळणे, बारा मण्यांच्या माळेचे समान वाटे करणे, हेही चालू ठेवले. दुमडण्याची कृती हाताला विशेष अनुकूल आहे, कारण कडा कडेवर आली की समानता बोटांना लगेच कळते. लांब दोरीचा अर्धा भाग आखूड अख्ख्या दोरीपेक्षा लांब भरला, तेव्हा ती चक्रावली आणि मग हसली. तेव्हापासून आमच्यात एक रिवाजच पडला: मी नुसते “अर्धा दे” म्हटले की तिने उलट विचारायचे, “अर्धा कशाचा?”

पाऊण आणि पावणेसहा

या मुलीजवळ एक भांडवल होते, ज्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ती काच उघडून काटे चाचपता येतील असे ब्रेल घड्याळ वापरत असे. सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा हे शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातले होते. पाऊण तास म्हणजे किती मिनिटे, या प्रश्नाला तिने विचार न करता “पंचेचाळीस” असे उत्तर दिले. पण तीन छेद चार आणि पाऊण यांचा काही संबंध असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्या शिकवण्यातही नव्हते.

मराठीत अपूर्णांकांना स्वतःची नावे आहेत, आणि ती नुसती नावे नाहीत. पाऊण हा शब्द ‘पादोन’ यावरून आला. पाद म्हणजे चौथा भाग आणि ऊन म्हणजे कमी. सव्वा हा ‘सपाद’, म्हणजे पावासह. पूर्ण किती आणि भाग किती, हे नाते शब्दातच बांधलेले आहे. मी तिला खोबणीत तीन चतुर्थांश लावायला सांगितले आणि उरलेल्या रिकाम्या जागेत बोट ठेवायला सांगितले. “इथे किती कमी आहे?” “पाव.” “म्हणजे हे किती?” ती थांबली, वरच्या अख्ख्या पट्टीवरून बोट फिरवून परत आली आणि म्हणाली, “पाऊण. सहाला पाव कमी म्हणजे पावणेसहा, तसे एकाला पाव कमी.” त्यानंतर सव्वा, दीड आणि पावणेदोन यांसाठी दुसरी चौकट शेजारी लावली, आणि एकापेक्षा मोठे अपूर्णांक, जे पुष्कळ मुलांना नकोसे होतात, ते तिने एका तासिकेत आत्मसात केले. जे मूल कानाने जग ओळखते त्याच्या कानात आधीच असलेले गणित आपण विचारून घ्यायला हवे होते, ही रुखरुख मला अजून आहे.

ब्रेलमध्ये लिहिताना

पट्ट्यांवर जमणे आणि लिहिता येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर मूल आपोआप ओलांडील असे समजणे ही साधनांच्या वापरातली नेहमीची चूक आहे. म्हणून प्रत्येक मांडणी झाली की लगेच, चौकट न मोडता, ती ब्रेलमध्ये लिहायची असे ठरवले. गणितासाठी आम्ही नेमेथ संकेत वापरला. तो अब्राहम नेमेथ या जन्मतः दृष्टिहीन असलेल्या गणितज्ञाने घडवला आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधा अपूर्णांक सर्वसाधारणपणे एकाच ओळीत लिहितात: आरंभचिन्ह, अंश, मधल्या रेघेचे चिन्ह, छेद, शेवटचे चिन्ह.

येथे एक अडचण उघडकीस आली. वर्गात शिकवताना “वरचा आकडा”, “खालचा आकडा”, “यातून हा वजा”, “हा इकडे नेला” अशी भाषा सतत वापरली जात होती. तिच्या कागदावर वर-खाली काही नव्हतेच. तिच्यासाठी अंश आधी येतो आणि छेद नंतर. ती बिचारी वरचा आकडा शोधत ब्रेलच्या वरच्या ओळीत जात असे. वर्गशिक्षकांशी बोलून एवढाच बदल करून घेतला की फळ्यावर लिहिताना “अंश तीन, छेद चार” असे पूर्ण उच्चारायचे आणि दर्शक सर्वनामे टाळायची. त्यांनी ते मनापासून केले. या बदलाला एकही साधन लागले नाही, आणि तरीही वर्गातला तिचा सहभाग वाढण्यात याचा वाटा चौकटीच्या खालोखाल होता, असे माझे मत आहे.

हळूहळू क्रम उलटा केला. आधी उत्तर सांगायचे, मग लिहायचे आणि शेवटी चौकटीवर पडताळायचे. आठव्या आठवड्याच्या सुमारास चौकट कपाटातच असताना तिचा डावा तळवा बाकाच्या कडेला टेकलेला आणि उजवी तर्जनी मोकळ्या बाकावरून सरकताना मी पाहिली. तिथे खोबण नव्हती, पण बोट जिथे थांबायला हवे तिथेच थांबत होते.

काही गोष्टी अपुऱ्या राहिल्या, त्याही नोंदवायला हव्यात. सुट्या वस्तूंच्या समूहाचा भाग काढणे तिला शेवटपर्यंत डळमळीत वाटले. बारा मण्यांचे दोन तृतीयांश म्हटले की ती अधूनमधून तीनच मणी घेऊन त्यातले दोन देई. लांबीतला पूर्ण तिच्या हाताखाली सलग असे, समूहातला पूर्ण मात्र विखुरलेला. त्यासाठी वेगळे साधन घडवायला हवे होते आणि तेवढा वेळ मी दिला नाही. शिवाय चाचपून काम करायला वेळ लागतो. लेखी चाचणीत तिला वाढीव वेळ मिळाला, पण वर्गातल्या रोजच्या घाईत तो मिळत नव्हता, आणि हा प्रश्न माझ्याकडून सुटला नाही.

चौकटीत न बसणारा पाचवा भाग

बेरजेसाठी आम्ही अर्धा आणि तृतीयांश एकाच खोबणीत एकापुढे एक लावले, १२ आणि ८ सेंटिमीटर. ही लांबी एकाच मापाच्या पट्ट्यांनी नेमकी भरायची, असे काम होते. चतुर्थांशांनी भरून पाहिले, चौथा बाहेर आला. अष्टमांशांनी पाहिले, तेही जमेना. षष्ठांशांच्या पाच पट्ट्या बरोबर बसल्या. असे काही दिवस चालल्यावर पट्ट्या चाचपण्याआधीच ती “दोन्ही भरतील अशी पट्टी” मनातल्या मनात शोधू लागली. समच्छेद हा शब्द मी त्यानंतर दिला.

निकोलस सॉन्डरसन हे बालपणीच दृष्टी गेलेले गणितज्ञ १७११ मध्ये केंब्रिजला ल्युकेशियन प्राध्यापक, म्हणजे तिथल्या गणिताच्या एका मानाच्या पदावर प्राध्यापक झाले. त्यांनी टाचण्यांच्या फळीवर आकडे मांडण्याची स्वतःची पद्धत तयार केली होती. त्या पद्धतीविषयी मी तिला एकदा सांगितले होते. साधन ज्याच्या हातासाठी आहे त्याच्याच हाताने घडले की ते किती वेगळे होते, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. तिने ते लक्षात ठेवले असावे.

शेवटच्या आठवड्यात मी अर्धा अधिक एक पंचमांश हे गणित दिले. २४ सेंटिमीटरचे पाच समान भाग पूर्ण सेंटिमीटरात पडत नाहीत, त्यामुळे पंचमांशाच्या पट्ट्या आमच्याकडे नव्हत्याच. मी तिला तसे सांगितले आणि काय करता येईल ते विचारले. ती बराच वेळ गप्प होती. तर्जनी बाकावरून दोनदा फिरली. मग ती म्हणाली, “चौकट दहाची करू या, बाई. दहा दोनांनीही भरते आणि पाचांनीही. अर्धा म्हणजे पाच, पंचमांश म्हणजे दोन. सात छेद दहा.”

दुसऱ्या दिवशी दहाची चौकट करायला मी पुठ्ठा घेऊन गेले होते. तिने तो चाचपून बाजूला ठेवला आणि पुढचे गणित विचारले.